रंग न धरणारे कापड

(महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरातील भाषणाचा मजकूर)



जुने कपडे विकत घेणे, ते घरी रंगवणे, उसवून पुन्हा शिवणे, मोठ्याचे लहान करणे हा विषय पक्षाच्या अभ्यासशिबिरात कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. महागाई, बेकारी, जमिनीचा प्रश्न यांच्या पंक्तीला रंगाची पुडी आणि सुईदोरा कसा बसावा? हा विषय दिवाळी अंकातील गृहिणींच्या पानावर शोभावा अशी समजूत आहे, आणि तेथे तो येतोही. तेथे तो काटकसरीचा धडा म्हणून येतो. गृहिणीने थोडी कल्पकता दाखवली की जुन्याचे नवे होते आणि घरखर्चाला हातभार लागतो, असे त्याचे सार असते.

काटकसर वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि त्या धड्यात एक गोष्ट सांगितली जात नाही. कपडा घरी रंगतो की नाही, तो उसवून मोठा करता येतो की नाही, हे गृहिणीच्या कल्पकतेवर फार थोडे अवलंबून असते. ते अवलंबून असते कापडाच्या धाग्यावर आणि शिवणीत सोडलेल्या जादा कापडावर. आणि या दोन्ही गोष्टी गिरणीत, यंत्रमागावर, तयार कपड्यांच्या कारखान्यात आणि शेवटी सरकारच्या धोरणात ठरतात. स्वतःचा कपडा स्वतः नवा करण्याची शक्ती गेल्या पन्नासएक वर्षांत गरीब घराच्या हातून हळूहळू निसटली आहे. ती कशी निसटली आणि परत कशी मिळवता येईल, एवढाच आजचा विषय आहे.

लुगड्याचे आयुष्य

सुती लुगड्याचे आयुष्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही शक्ती म्हणजे काय ते समजावून सांगावे लागणार नाही. नऊवारी लुगडे विरले की विरलेला भाग कापून टाकीत आणि धडके तुकडे एकमेकांना जोडीत. याला दंड घालणे म्हणत. दंड घातलेले लुगडे शेतात आणि घरकामात आणखी काही काळ चाले. त्यानंतर त्याची झबली, दुपटी होत. उरलेले जुनेर गोधडीच्या पोटात जाई आणि शेवटची चिंधी पोतेरे म्हणून संपे. सदऱ्याची कॉलर झिजली तर ती उसवून उलटी लावीत. मुलाचे कपडे बेतताना शिंपी शिवणीत आणि खालच्या दुमडीत जादा कापड ठेवी. पोर वाढले की ते सोडता येई. या जादा कापडाला मराठीत ‘माया’ असा शब्द आहे. तो कोणी कवीने दिलेला नाही, शिंप्यांच्या बोलण्यातला आहे.

शिवणीला मायेची जोड होती तशी रंगाचीही होती. मंजिष्ठा, आल, नीळ, हिरडा आणि तुरटी यांवर रंगाऱ्यांची एक मोठी कारागिरी शतकानुशतके उभी होती. १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन याने कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून जांभळा रंग बनवला. १८९७ मध्ये जर्मनीतून कृत्रिम नीळ बाजारात आली. आणि ती कारागिरी मोडत गेली. त्यात ज्यांचा धंदा बुडाला त्यांचे दुःख खरे होते. परंतु त्याबरोबर एक वेगळी गोष्टही घडली, ती प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जे काम रंगाऱ्याच्या पिढीजात कौशल्यावर अवलंबून होते, ते पुडीतला रंग, मूठभर मीठ आणि उकळते पाणी एवढ्यावर कोणत्याही घरात होऊ लागले. विटलेला परकर, डाग पडलेला पांढरा सदरा, रंग उडालेली चादर पुन्हा वापरण्याजोगी होऊ लागली. रसायनशास्त्राने सामान्य घराला दिलेली ही एक खरी देणगी होती.

बोहारणीची टोपली

गरीब घरात जुना कपडा दोन वाटांनी येतो. एक वाट दानाची आणि दुसरी बाजाराची. बाजाराची वाट मुख्यतः बोहारणीच्या डोक्यावरून जाते. दारोदार फिरून भांड्यांच्या बदल्यात ती जुने कपडे घेते. मग ते धुणे, फाटके आणि धडके निवडणे, टाके घालणे, बटणे लावणे, इस्त्री करणे हे सारे तिच्या आणि तिच्या लेकीसुनांच्या हातून होते. पुण्याच्या जुन्या बाजारापासून दिल्लीच्या रघुबीर नगरात पहाटेच्या अंधारात भरणाऱ्या बाजारापर्यंत हा व्यापार पसरला आहे, आणि त्यात गुजरातेतील मूळच्या वाघरी समाजाच्या स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे. एका घराने टाकलेले वस्त्र दुसऱ्या घराला परवडेल अशा किमतीत अंगावर घालण्याजोगे करून देणे, हे उत्पादक श्रम आहेत. परंतु या स्त्रियांना कोणी मालक नाही, म्हणून त्या कामगार ठरत नाहीत. दुकान नाही, म्हणून व्यापारीही ठरत नाहीत. पदपथावर पथारी टाकली की मात्र त्या गुन्हेगार ठरू शकतात.

या ठिकाणी अहमदाबादचा इतिहास कार्यकर्त्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावा. १९७१ मध्ये तेथील मजूर महाजनाच्या महिला विभागाकडे, इला भट्ट यांच्याकडे, कापडबाजारात डोक्यावरून गठ्ठे वाहणाऱ्या स्त्रिया आपले गाऱ्हाणे घेऊन आल्या. त्यांच्या मागोमाग जुन्या कपड्यांचा धंदा करणाऱ्या स्त्रिया आल्या. या हालचालीतून ‘सेवा’ ही संघटना जन्मली. कामगार संघटना म्हणून तिची नोंदणी करण्यास सरकारी खात्याने प्रारंभी हरकत घेतली; कारण या स्त्रियांना मालकच नाही, तर संघटना भांडणार कोणाशी, असा त्याचा प्रश्न होता. कामगारांची एकजूट ही मालकाविरुद्धच असावी लागते असे नाही, ती स्वतः कामगारांसाठी असते, हा युक्तिवाद टिकला आणि एप्रिल १९७२ मध्ये नोंदणी झाली. असंघटित स्त्रियांच्या देशातील एका मोठ्या संघटनेच्या पायाशी जुन्या कपड्यांचे गाठोडे आहे. ज्यांना हा विषय किरकोळ वाटतो त्यांनी एवढे जरूर लक्षात घ्यावे.

उतरलेला कपडा

दानाच्या वाटेने येणाऱ्या कपड्याची गोष्ट अधिक अवघड आहे. आपल्या समाजात दुसऱ्याच्या अंगावरून उतरलेला कपडा ही केवळ गरिबीची खूण कधीच नव्हती. ती जातीची खूण होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेतावरची वस्त्रे नेसावीत असे सांगितले आहे. कोणी काय नेसावे, किती नेसावे, कोणाचे उतरलेले नेसावे हे ठरवणे हा सत्तेचाच एक प्रकार होता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृती जाळण्यात आली, आणि त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले. त्यात त्यांनी लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची ओळख पटवणारे जड दागिने टाकून द्या, स्वच्छ राहा, असे सांगितले. कपड्यासारख्या घरगुती गोष्टीत मुक्तीचा केवढा प्रश्न दडलेला असतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणूनच दलित वस्तीत जाऊन जुन्या कपड्यांचे गुणगान करणाऱ्या कार्यकर्त्याने आधी हा इतिहास वाचावा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उतरलेलेच नेसावे लागले, त्यांनी नव्या कोऱ्या कापडाचा हट्ट धरला तर त्या हट्टामागे न्याय आहे.

आजही धुणीभांडी करणाऱ्या बाईला दिवाळीला पगाराच्या जोडीने, आणि कित्येकदा पगारवाढीच्या जागी, जुन्या कपड्यांचे बोचके दिले जाते. मालकिणीच्या मुलीचा फ्रॉक मोलकरणीच्या मुलीच्या अंगावर येतो. दोघींची गाठ रस्त्यात पडली तर पहिली तो ओळखते आणि दुसरीची मान खाली जाते. फ्रॉक तोच असतो, ऊबही तितकीच देतो; तरी एकीच्या मनात तो काटा होऊन राहतो. याच फ्रॉकचा पिवळा रंग जाऊन गडद हिरवा झाला, कॉलर काढली गेली, बाह्या बदलल्या, तर तो देणाऱ्याला ओळखू येत नाही. त्यावर आता दुसऱ्या हातांचे श्रम झालेले असतात आणि त्या श्रमांमुळे तो त्या मुलीचा होतो. रंगवण्यात आणि बदलून शिवण्यात जी प्रतिष्ठा आहे ती ही आहे. पैशाची बचत तिच्या मागून येते.

रंग कसा बसतो

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयास हवे. कारण जी गोष्ट हाताने करता येत नाही तिच्यावर केलेले भाषण वाया जाते.

प्रथम धागा ओळखावा. जुन्या बाजारात पोचेपर्यंत कपड्यावरची पट्टी बहुधा कापलेली वा पुसलेली असते. शिवणीतून चार धागे काढून चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. राखेबरोबर मणीही राहिला तर कापड मिश्र आहे असे समजावे.

रंग झाकत नाही, तो आधीच्या रंगात मिसळतो, हे दुसरे सूत्र. निळ्यावर पिवळा चढवला तर हिरवा होतो. गडदावर फिका चढत नाही. तेलकट डाग झाकला जात नाही, उलट तेथे रंग कमी बसून तो उठून दिसतो. म्हणून कपडा आधी साबण आणि धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यात स्वच्छ करावा आणि ओलाच रंगात सोडावा. रंगाचे प्रमाण कोरड्या कपड्याच्या वजनावर धरावे लागते, म्हणून धुण्यापूर्वी तो तोलून घ्यावा.

सुती कपड्यासाठी घरी दोन प्रकारचे रंग वापरता येतात. पहिला म्हणजे डायरेक्ट रंग. अर्धा किलो कपड्याला फिक्या छटेसाठी सुमारे ५ ग्रॅम, गडद छटेसाठी १५ ते २० ग्रॅम रंग, साधारण १०० ग्रॅम मीठ, कपडा मोकळा हलेल इतके म्हणजे १० लिटरच्या आसपास पाणी, आणि उकळीच्या जवळच्या उष्णतेवर पाऊण ते एक तास. कपडा सतत हलवत राहावा, नाहीतर चट्टे पडतात. मीठ रंगाला पाण्यातून कापडाकडे ढकलते. ते रंग पक्का करते ही समजूत चुकीची आहे. हा रंग प्रत्येक धुण्यात थोडा थोडा जातो.

दुसरा प्रकार रीॲक्टिव्ह रंगांचा. हे १९५६ मध्ये बाजारात आले. सोड्याच्या सान्निध्यात ते कापसाच्या तंतूशी रासायनिक बंधाने जोडले जातात, म्हणून पक्के असतात. त्यांतील थंड पाण्याच्या जातीला चूल लागत नाही, कोमट पाणी पुरते. तेवढ्याच कपड्याला १० लिटर पाण्यात सुमारे ४०० ग्रॅम मीठ घालून अर्धा तास कपडा हलवावा, मग १०० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून थोडा थोडा घालावा आणि आणखी एक तास ठेवावे. खाण्याचा सोडा येथे चालत नाही. शेवटी साबणाच्या गरम पाण्यातून न बसलेला रंग पुन्हा पुन्हा धुऊन काढावा. सोडा पडलेला रंग दुसऱ्या दिवसासाठी ठेवून उपयोग नाही; त्याची शक्ती संपलेली असते.

वनस्पतींचे रंगही घरी करता येतात. हिरड्याच्या काढ्यात भिजवलेले सूत लोखंडाच्या गंजाच्या पाण्यात घातले की काळपट होते. तुरटीवर झेंडूचा पिवळा बसतो. हळदीचा मात्र मोह धरू नये. ती साबण लागताच लाल होते आणि उन्हात उडून जाते.

सावधगिरी तितकीच महत्त्वाची आहे. रंगाची भुकटी नाकात जाऊ देऊ नये. रीॲक्टिव्ह रंगांच्या भुकटीने दम्यासारखा विकार जडू शकतो. म्हणून तोंडावर फडके बांधून, लहान मुलांना दूर ठेवून ती पाण्यात कालवावी. रंगाचे भांडे स्वयंपाकाला पुन्हा कधीही वापरू नये. ॲल्युमिनियमचे भांडे सोड्याने खाल्ले जाते, म्हणून स्टीलचे वा एनॅमलचे घ्यावे. काही ॲझो रंगांतून कर्करोगकारक द्रव्ये सुटतात हे सिद्ध झाल्यावर १९९४ मध्ये जर्मनीने आणि १९९७ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. तरीही नाव, जात, कारखाना यांपैकी काहीच न छापलेली पुडी गावच्या बाजारात विकली जात असेल, तर ती विकत घेणाऱ्या बाईला या बंदीचा काय उपयोग?

एक तृतीयांश रंग

ही सारी कृती तंतोतंत पाळूनही एक अनुभव घरोघर येतो. पुडी गडद निळी असते, कपडा बाहेर येतो तो फिकट आणि मळकट आकाशी. आणि शिवणीचा दोरा तर पांढराच्या पांढरा राहतो. बाईला वाटते, आपलेच काही चुकले. चूक तिची नसते. कपडा टेरिकॉटचा असतो. टेरिकॉटमध्ये सामान्यतः दोन तृतीयांश पॉलिएस्टर आणि एक तृतीयांश सूत असते. सुताचा रंग पॉलिएस्टरला शिवतही नाही. पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो आणि तो नीट भिनण्यासाठी कारखान्यात दाबाखाली पाणी १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. चुलीवरचे पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. प्रेशर कुकरमध्ये हा प्रयोग कोणी करू नये. ज्यात अन्न शिजते त्यात रंग शिजवणे म्हणजे विषाशी खेळ आहे. तात्पर्य, कपड्याच्या दोन तृतीयांश भागावरची घरची सत्ता गेलेली आहे.

ती कशी गेली? गरिबाला परवडेल असे जाडेभरडे सुती धोतर, लुगडे, लाँगक्लॉथ गिरण्यांनी ठराविक प्रमाणात काढलेच पाहिजे, असे बंधन नियंत्रित कापडाच्या योजनेने १९६४ पासून घातले होते. खासगी गिरणीमालकांनी तोट्याची ओरड केली. १९७४ मध्ये १०३ आजारी गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि पुढे या कापडाचा भार खासगी गिरण्यांवरून उतरून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळावर आणि हातमागावर आला. १९७६ मध्ये हातमागावरील जनता कापडाची योजना सुरू झाली. १९९० च्या दशकात तीही गुंडाळली गेली. १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्या संपानंतर मुंबईची सुती गिरणी पूर्वीसारखी कधीच उभी राहिली नाही. जून १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सूत आणि कृत्रिम धागा यांच्यातली निवड उत्पादकावर मोकळी सोडली आणि कृत्रिम धाग्यावरील कर टप्प्याटप्प्याने कमी करण्याची दिशा घेतली. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यांपैकी निम्म्याहून अधिक धागा पॉलिएस्टरचा आहे. जुन्या बाजारातल्या ढिगातही तोच दिसणार हे उघड आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. टेरिकॉट घेणाऱ्या गरिबाला दोष देणे हा तो मोह. ज्या मुलाकडे शाळेचे दोनच सदरे आहेत, त्याच्या आईला रात्री धुतलेला सदरा सकाळी वाळलेला हवा असतो. टेरिकॉट लवकर वाळते, इस्त्री मागत नाही, लवकर फाटत नाही. त्याने तिचे कष्ट खरोखरच कमी केले. तिने शहाणपणानेच निवड केली. परंतु ही निवड करताना तिला एक किंमत सांगितली गेली नाही: हे कापड विटल्यावर घरी रंगणार नाही, उन्हाळ्यात अंगाला घाम टिपणार नाही, आणि जुनेर झाल्यावर गोधडीत सुती जुनेराची जागा घेणार नाही. माहिती लपवून घेतलेल्या संमतीला निवड म्हणत नाहीत.

मायेचा हिशेब

जे रंगाचे तेच शिवणीचे. तयार कपड्यांच्या कारखान्यात एकावर एक थर रचून शेकडो नग एकदम कापले जातात. प्रत्येक नगात एक-दोन सेंटिमीटर माया वाचली की हजारो नगांमागे ठाणेच्या ठाणे वाचतात. त्यामुळे शिवण अगदी कडेला येते आणि तिच्यावर ओव्हरलॉकची टीप बसते. असा सदरा आत घेता येतो, सोडता मात्र येत नाही. मुलाच्या वाढत्या अंगासाठी ठेवलेले कापड कारखानदाराच्या नफ्यात जमा झाले आहे. कारखान्यातली शिलाई करणारी बाईही यात काही मिळवत नाही. तिला नगावर मजुरी मिळते आणि नग जितका साधा तितका दर कमी.

म्हणून जुना तयार कपडा घेताना शिवण उलटून पाहावी. उंचीला कमी पडणाऱ्या कपड्याला खाली दुसऱ्या कापडाची पट्टी जोडावी, बगलेत चौकट घालावी, मोठ्याच्या विजारीतून मुलाची चड्डी बेतावी. ठिगळाची लाज वाटू नये असे सांगणे सोपे आहे. पण ठिगळ नीट बेतून, काठाशी काठ जुळवून, रंगाच्या आधी लावले तर सुतावर सुताचे ठिगळ एकजीव दिसते, ही माहिती उपदेशापेक्षा उपयोगी आहे.

काटकसर कोणी करावी

काटकसरीला प्रतिष्ठा केव्हा येते याचे एक उदाहरण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी प्रत्येकाला ६६ कुपने मिळाली. श्रीमंताला अधिक आणि मजुराला कमी अशी वाटणी नव्हती. १९४३ मध्ये सरकारने आहे ते दुरुस्त करून वापरा अशी मोहीम चालवली, माहितीपत्रके काढली, शिवणाचे वर्ग भरवले. त्याच वेळी ‘युटिलिटी’ कपड्यांची योजना होती. तिच्यात कापडाचा दर्जा आणि किंमत दोन्ही सरकारने बांधून दिली होती. हे रेशनिंग १९४९ पर्यंत चालले. ते युद्धकाळातले आणि साम्राज्यवादी देशाचे होते, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही त्यातून एक बोध घेता येतो. काटकसर सर्वांना सारखी लागू होती आणि टिकाऊ, दुरुस्त होणारे कापड पुरवण्याची जबाबदारी राज्याने घेतली होती. म्हणून ठिगळ लावणे कोणाला अपमानाचे वाटले नाही. एका थरात कपाटे भरून वाहतात, चार वेळा घातलेला कपडा फेकला जातो, आणि दुसऱ्या थराला मात्र जुने जपून वापरण्याचे धडे दिले जातात, अशा समाजात काटकसर हा उपदेश राहात नाही; ती थट्टा होते.

शिवाय या काटकसरीचा हिशेब पूर्ण मांडला जात नाही. अर्धा किलो कपडा रंगवायला १० लिटर पाणी लागते, पण धुण्याचे आणि खळबळण्याचे पाणी धरले तर ते ४०-५० लिटरवर जाते. मराठवाड्यातील टँकरवर जगणाऱ्या गावात ते कोणाच्या डोक्यावरून येते? सरपण, दोन-अडीच तासांचे उभे राहणे, रात्रीची शिलाई या सर्वांची किंमत शून्य धरली तरच जुना कपडा स्वस्त पडतो. आणि उरलेले रंगीत पाणी गटारात वा ओढ्यात जाते. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे रंगकामाच्या कारखान्यांनी नोय्यल नदीची जी अवस्था केली, तीमुळे जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला ते कारखाने बंद ठेवण्याचा आदेश द्यावा लागला. घरच्या बादलीचे पाप त्या मानाने क्षुल्लक आहे. परंतु प्रश्न तोच आहे.

चळवळीपुढील काम

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट माहितीची. कपड्यातील धाग्यांचे प्रमाण मराठीत, शिवणीत पक्के बसवलेल्या आणि धुतल्याने न जाणाऱ्या पट्टीवर असले पाहिजे. रंगाच्या पुडीवर तिची जात, बनवणारा आणि धोका छापलेला असला पाहिजे. ही मागणी लहान आहे, तिला पैसा लागत नाही, आणि ग्राहक चळवळीला बरोबर घेऊन ती लढवता येते.

दुसरी गोष्ट कापडाची. रेशनच्या दुकानात धान्य मिळते तसे निर्धारित किमतीचे, रंग धरणारे सुती कापड मिळावे, आणि शाळांच्या गणवेशात सुताचे प्रमाण व शिवणीतील माया सरकारने ठरवून द्यावी. गणवेशाची खरेदी सार्वजनिक पैशाने होते. वर्षभरात आखूड होणारा आणि न सोडता येणारा गणवेश पुरवणाऱ्याला तो पैसा का मिळावा?

तिसरी गोष्ट रंगशाळेची. जे एका चुलीवर होत नाही ते अनेक घरे मिळून करू शकतात. साखर आणि सूत सहकारावर उभे करणाऱ्या महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी स्त्रियांची छोटी सहकारी रंगशाळा अशक्य नाही. दाबाखाली चालणारे एक लहान यंत्र असले तर पॉलिएस्टरही रंगेल. पाणी एका ठिकाणी वापरले तर ते एका ठिकाणी शुद्धही करता येईल. आणि आज फुकट धरले जाणारे श्रम मजुरीचे काम होतील. अशा रंगशाळेत पहिला हक्क बोहारणींचा असावा, कारण जुन्या कापडाची पारख त्यांच्याइतकी कोणालाच नाही. पथारीचा परवाना, ओळखपत्र आणि आजारपणातील संरक्षण या त्यांच्या मागण्या पक्षाच्या स्थानिक शाखांनी आपल्या मानाव्यात.

आणि चौथी गोष्ट शाखेत आजच सुरू करता येण्याजोगी आहे. प्रत्येक शाखेने महिन्यातून एक दिवस रंगाचा आणि शिवणाचा वर्ग घ्यावा, आणि तो केवळ स्त्रियांसाठी असू नये. सभेत समतेवर बोलणाऱ्या पुरुष कार्यकर्त्याने आपल्या सदऱ्याचे बटण स्वतः लावावे, कॉलर स्वतः उलटावी, रंगाच्या पातेल्याशी एक तास उभे राहावे. घामाघूम होऊन पातेल्यातून बाहेर काढलेला कपडा जेव्हा अर्धाच रंगलेला निघेल, तेव्हा कोणत्या धोरणाने तो अर्धा राहिला हे त्याला समजावून सांगण्यासाठी भाषणाची गरज उरणार नाही.